कुंडीतली परकी माशी

आमचे काका बंदरावर परदेशी रोपं तपासायचे. कीड दिसली की रोप जाळायचं, मग ते कुणी कितीही हौसेने आणलेलं असो. आम्ही पोरं त्यांना पाठीमागे जाळपोळकाका म्हणायचो. साधा फुलांचा गुच्छसुद्धा ते आधी झटकायचे आणि मगच वास घ्यायचे. काकूने घरात एक कुंडी ठेवली नाही. "नवरा पाळलाय तेवढा पुरे," म्हणायची. ते घर, त्या दोघांची ती लटकी भांडणं फार आठवतात मला.

काकू गेल्यानंतर त्यांची मुलगी, आमची ताई, परदेशातून आली आणि खिडकीत एक लिली लावून गेली. "इथेच बाजारात मिळाली," म्हणाली. कसली बाजारात! ताईच्या बाळंतपणाला गेली असताना काकूने तिच्या अंगणात लिलीचे कांदे लावले होते. त्यातला एक ताईने मोज्यात दडवून आणला होता. मला सांगितलं, काकांना सांगायची कुणाची छाती होती?

या खेपेला ताई आलेली असतानाच लिलीच्या पानावर केसाळ भुंग्यासारखं काहीतरी बसलेलं दिसलं. काकांनी ते पेल्याखाली धरलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं. गारठलं की हलत नाही, ही त्यांची नोकरीतली रीत. मग भिंग घेऊन बसले. किती दिवसांनी त्यांना असं रमलेलं पाहिलं! बरं वाटलं मला. ताईचा मात्र जीव टांगणीला लागला होता.

"भुंग्याला चार पंख असतात. हिला दोनच. माशी आहे ही, आणि आपल्याकडची नाही," काका म्हणाले. "हिच्या अळ्या कांदा आतून पोखरतात." त्यांनी माती उकरून कांदा दाबून पाहिला. बोट आत गेलं.

"बाबा, ते झाड..." ताई म्हणाली.

"तुझ्या आईने लावलेलं. पहिल्याच दिवशी ओळखलं मी. ही लिली इथे मिळत नाही, आणि तू कसली मातीत हात घालतेस! सगळ्या नोकरीत कुणाला सोडलं नाही. हिला सोडलं."

"मग राहू दे ना, काका," मी म्हटलं. "एवढीशी तर माशी."

"दिसली तेवढी एक. उद्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बागा खातील."

कुंडी त्यांनीच मागच्या अंगणात नेली. माती, कांदा, पानं सगळं पत्र्याच्या डब्यात ओतलं, वर रॉकेल टाकलं. मग काडेपेटी ताईच्या हातात दिली.

"तू पेटव, बाळ. मला नाही जमायचं."