चष्मेवाल्या काकूंचं बाकडं

काकूंच्या दुकानात गाडी घेऊन आलेलं गिऱ्हाईक आजवर कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्यात नवल तरी काय? ज्याचा चष्मा मोडलाय तो माणूस गाडी चालवत येईल कसा? आलाच तर थेट दुकानात घुसेल. काकूंची गिऱ्हाइकं यायची ती पायी, भिंतीचा आधार घेत, नाहीतर नातवंडाचा हात धरून. मोडका चष्मा रुमालात गुंडाळलेला आणि डोळे बारीक केलेले. एवढी साधी गोष्ट कळायला पालिकेत नोकरी करावी लागत नाही. उलट तिथे नोकरी लागली की ती कळेनाशी होते, असं काकूंचं मत होतं आणि ते त्या येईल त्याला ऐकवायच्या.

दुकान म्हणजे एक अरुंद बोळच. मागच्या अंगाला काकूंचं टेबल, त्यावर वाकवलेला दिवा, काच घासायचं चाक आणि जुन्या गोळ्यांच्या डबीत ठेवलेले इवले इवले स्क्रू. पुढच्या अंगाला एक लाकडी बाकडं. दुसऱ्या कुठल्याही दुकानात बाकडं म्हणजे शोभेची वस्तू. चपला शिवायला टाकल्या तर माणूस अनवाणी चार पावलं जाऊन येतो, घड्याळ दुरुस्तीला दिलं तर दुसऱ्याला वेळ विचारतो. पण चष्मा काढून दिलेल्या माणसाला जागचं हलता येत नाही. तो बाकड्यावर बसतो, समोरच्या धूसर रस्त्याकडे बघतो आणि मागे चाक थांबलं की उठायच्या तयारीला लागतो.

हे काम काकूंना सासऱ्यांनी शिकवलं. लेकाच्या अंगात स्क्रू धरण्याइतका धीर नव्हता, तो ट्रक चालवायला गेला. सून मात्र पहिल्याच महिन्यात चष्म्याची तुटलेली काडी अशी बसवायला लागली की सासऱ्यांनी आपला पेचकस तिच्या हातात दिला आणि स्वतः बाकड्यावर जाऊन बसले. त्यांचं एक वाक्य काकूंनी जन्मभर जपलं. "सूनबाई, माणसाचे डोळे आपल्या टेबलावर असतात. त्याला ताटकळत ठेवायचं नाही आणि उभं तर मुळीच ठेवायचं नाही." काकू त्याप्रमाणे वागल्या. समोर चहा निवला तरी चालेल, पण बाकड्यावरचा माणूस आधी.

दारावरची पाटीही सासऱ्यांनीच केलेली. पत्र्याच्या पिंपांची दोन झाकणं, मध्ये वाकवलेली पट्टी आणि सगळ्याला काळा रंग. झाला अवाढव्य चष्मा! तो रस्त्याच्या बाजूला हातभर पुढे आलेला होता आणि त्याखाली दोन हात उंचीची अक्षरं होती: चष्मे दुरुस्त. बघणाऱ्याला पाटी ओबडधोबड वाटायची. पण ती बघणाऱ्यांसाठी नव्हतीच मुळी. ज्यांना दिसत नाही त्यांना ती नाक्यावरून दिसायला हवी होती, आणि दिसायची.

काका, म्हणजे ट्रक चालवायला गेलेला तो लेक, आता घरी बसले होते. सगळं आयुष्य गाडी चालवण्यात आणि नंतर ती लावायला जागा शोधण्यात गेल्यामुळे की काय, माणूस कमालीचा सोशिक झाला होता. काहीही झालं की त्यांच्याकडे एकच उत्तर असायचं, "जाऊ दे." घरमालकाने भाडं वाढवलं, जाऊ दे. शेजाऱ्याने भिंत सरकवली, जाऊ दे. काकू म्हणायच्या, "अहो, तुमचं हे 'जाऊ दे' ऐकत मी म्हातारी झाले. जायला आता काय उरलंय?" त्यावर काका नुसते हसायचे.

आणि अशात पालिकेची नोटीस आली.

नवा नियम असा होता. पाटी भिंतीला चिकटून असावी, पुढे आलेली नसावी, अक्षरं चार बोटांपेक्षा मोठी नसावीत. आणि प्रत्येक दुकानाने स्वतःच्या जागेत निदान एका गाडीच्या पार्किंगची सोय करावी, नाहीतर परवाना बंद. कारण काय, तर रस्ता सुंदर दिसावा आणि मोकळा राहावा. ज्यांची जागा एका गाडीएवढीच होती त्यांनी दुकान कुठे लावायचं, हे नोटिशीत नव्हतं.

"म्हणजे पुढचा सगळा भाग पाडायचा," काकू नोटीस टेबलावर आपटत म्हणाल्या. "बाकडं काढायचं. पाटी काढायची. आणि तिथे गाडी लावायची. कुणाची? माझ्या आंधळ्या गिऱ्हाइकांची?"

"जाऊ दे गं," काका म्हणाले.

"नाही जाऊ देणार!"

हा नियम कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कोपऱ्यावर कापडवाल्याचं नवं तीनमजली दुकान उभं राहिलं होतं, खाली तळघरात ऐसपैस पार्किंग. तो व्यापारी मंडळाचा अध्यक्ष. साहेब लोकांबरोबर त्याची ऊठबस. लहान दुकानं उठली की सगळी गल्ली आपलीच, हा त्याचा साधा हिशोब. तोंडाने मात्र साखर. "काकू, तुमच्यासाठी मी शब्द टाकतो ना," असं तो म्हणायचा आणि केसाने गळा कापायचा.

पालिकेने सुनावणी ठेवली. लोकांचं म्हणणं ऐकून घेणार, असं सांगितलं. काकू कामाला लागल्या. त्यांनी कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, पण आता त्या दारोदार फिरल्या. गल्लीतल्या म्हाताऱ्या शिक्षिकाबाई, पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा, शिवणकाम करणाऱ्या दोघी जावा, ज्यांच्या नाकावर काकूंनी बसवलेला चष्मा होता ते सगळे यायला तयार झाले. "काकू, तुमच्यामुळे आम्हाला जग दिसतं. येणार नाही असं होईल का?" शिक्षिकाबाई म्हणाल्या. काकूंना भरून आलं.

पण भरून आलेल्या डोळ्यांनाही सवय कुठे सुटते? काकूंनी पाहिलं, शिक्षिकाबाईंच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पोस्टातल्या आजोबांच्या चष्म्यावर चिकटपट्टी. एका जावेच्या नाकावरचं रबर नाहीसं झालेलं, दुसरीची काच ओरखड्यांनी भरलेली. काकूंना एकदम घाम फुटला. चष्मेवालीच्या बाजूने उभी राहणारी माणसं अशा अवतारात साहेबांपुढे जाणार? नाक कापलं जायचं!

"सगळ्यांनी चष्मे द्या माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "उद्या सुनावणीच्या दारातच हातात देते, नव्यासारखे करून."

काका जेवताना म्हणाले, "अगं, माझीही एक काडी हलतेय."

"तुमचाही द्या. सगळे नीट दिसले पाहिजेत."

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

दुसऱ्या दिवशी काकू वेळेवर पोचल्या. हातात ताट, ताटात मऊ कापडावर ओळीने मांडलेले चष्मे, एकेकाला लखलखीत पुसलेलं. पण दारात कुणी नव्हतं. आत गर्दीचा आवाज येत होता. सुनावणी सुरू होऊन बराच वेळ झाला होता! साहेबांना पुढे दुसरी बैठक होती म्हणून त्यांनी सुनावणी आधी उरकायला घेतली. वेळ बदलल्याचा कागद सूचनाफलकावर लावला होता, नखाएवढ्या अक्षरात. आणि म्हातारी माणसं, ती तर सगळीकडेच तासभर आधी जाऊन बसतात.

काकू ताट सांभाळत आत शिरल्या. सभागृहात मधून वाट होती आणि दोन्हीकडे खुर्च्या. डावीकडच्या भिंतीवर एक कागद, उजवीकडच्या भिंतीवर एक कागद. डावीकडच्यावर लिहिलं होतं 'नियमाला पाठिंबा', उजवीकडच्यावर 'नियमाला विरोध'. अक्षरं अर्थातच चार बोटांच्या आत. साहेबांनी स्वतःपासून सुरुवात केली होती म्हणायची.

काकूंची सगळी माणसं डावीकडे बसली होती. शिक्षिकाबाई, पोस्टातले आजोबा, दोघी जावा. आणि पहिल्या रांगेत, पंख्याखाली, काका.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो! तुम्ही तिकडे कशाला बसलात?"

काकांनी डोळे बारीक करून आवाजाच्या दिशेने पाहिलं. "त्या मुलाने बसवलं. म्हणाला, काका, इकडे पंखा आहे."

तो मुलगा म्हणजे कापडवाल्याचा व्यवस्थापक. दारात उभा राहून एकेकाला हात धरून आत आणत होता. आजी, इकडे या, इकडे वारा येतो. म्हाताऱ्यांनी त्याला आशीर्वादही दिले असतील. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात ते खोटं नाही, फक्त इथे पीठ खाणारा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

काकू रांगेतून फिरल्या आणि ज्याचा त्याचा चष्मा ज्याच्या त्याच्या हातात दिला. एकेक चष्मा नाकावर चढला, एकेक मान भिंतीकडे वळली. "अगं बाई!" शिक्षिकाबाई ओरडल्या आणि उठून उभ्या राहिल्या. "आम्ही इकडचे नाहीच!" पाठोपाठ सगळी रांग उठली.

"बसा, बसा," साहेब म्हणाले. "डोकी मोजून झालीत."

"पुन्हा मोजा," काकू म्हणाल्या.

"तसं करता येत नाही. नोंद झाली."

"साहेब, तुमचा कागद माझ्या माणसांना वाचता आला नाही. मी तेच तर सांगायला आले होते! लहान अक्षरं माझ्या गिऱ्हाइकांना दिसत नाहीत, म्हणून पाटी मोठी हवी. आता आणखी काय दाखवू तुम्हाला?"

"चष्मे लावून यायला हवं होतं," साहेब कागद गोळा करत म्हणाले. साहेबांच्या शेजारी उभा कापडवाला हसला नाही. तो अशा वेळी हसत नाही, खाली मान घालून उभा राहतो.

चष्मे लावून यायला हवं होतं. हे वाक्य काकूंना झोपू देईना. त्यात खरं होतं ते एवढंच, की चष्मे त्यांच्याच ताटात होते. बाकी सगळी लबाडी होती. पण लबाडीला नोंद होती आणि काकूंच्या संतापाला नव्हती.

नियम लागू झाला. काकूंच्या दुकानाचा पुढचा भाग पाडला. काळा चष्मा खाली उतरवला, तो टेबलामागे भिंतीला टेकवून ठेवला. नव्या चपट्या पाटीवर चार बोटांची अक्षरं आली, आणि पहिल्याच आठवड्यात एक आजी दुकान ओलांडून कापडवाल्याकडे गेली. तिथल्या साडी नेसवलेल्या पुतळीपुढे रुमाल उघडून म्हणाली, "बाई, एवढी काच बसवून दे." गल्लीतली पोरं हसली. काकू हसल्या नाहीत, जाऊन आजीला हाताला धरून घेऊन आल्या.

आणून बसवायचं कुठे? पुढे पांढऱ्या रंगाने आखलेला चौकोन, एका गाडीची जागा. त्यात काकूंचं एकही गिऱ्हाईक गाडी लावत नव्हतं. कापडवाल्याची गिऱ्हाइकं लावत होती, कारण तळघरात उतरायचा त्यांना कंटाळा. काकूंच्या भिंती पाडून मोकळी झालेली जागा आणि त्यात परक्यांच्या गाड्या!

त्या दिवशी चौकोन रिकामा होता. काकूंनी काकांना हाक मारली आणि दोघांनी मिळून बाकडं बरोबर पांढऱ्या रेघांच्या मध्ये ठेवलं. आजी बसली. शिक्षिकाबाई बाजारातून येत होत्या, त्याही बसल्या. पोस्टातले आजोबा नुसते गप्पा मारायला बसले.

एक लांबलचक गाडी आली, भोंगा वाजवला, पुन्हा वाजवला आणि निघून गेली. थोड्या वेळाने कापडवाला आला आणि त्याच्या मागून साहेब.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"पार्किंग," काकू म्हणाल्या. "माझी गिऱ्हाइकं अशीच थांबतात."

"ही थट्टेची जागा नाही. बाकडं उचला, नाहीतर परवाना जाईल." मग ते काकांकडे वळले. काका बाकड्याच्या कडेला उभे होते. "आजोबा, तुम्ही तरी सांगा यांना."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. आता ते दोन शब्द येणार हे त्यांना ठाऊक होतं. आयुष्यभर आले होते. त्यांनी बाकड्याला हात घातला, उचलायला.

काका बाकड्यावर बसले. त्यांनी चष्मा काढला आणि काकूंपुढे धरला. "याची काडी हलतेय बघ."

"मी परवाच तर घट्ट केली," काकू बोलून गेल्या.

"पुन्हा हलतेय," काका म्हणाले आणि अंदाजाने साहेबांच्या थोडं बाजूलाच बघत बोलले, "साहेब, मला आता काही दिसत नाही. चष्मा होईपर्यंत मला इथून हलता यायचं नाही."

मग शिक्षिकाबाईंनी आपला चष्मा काढला आणि पुढे केला. पोस्टातल्या आजोबांनी काढला. आजीचा तर आधीच आत होता.

"किती वेळ लागेल?" साहेबांनी चिडून विचारलं.

काकूंनी चष्मे गोळा केले आणि आत जाऊन दिवा लावला. भिंतीला टेकलेला तो काळा पत्र्याचा चष्मा त्यांच्या पाठीशी होता. त्यांनी डबीतून एक स्क्रू काढला, उजेडात धरला, परत ठेवला आणि दुसरा काढला.

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. आणि ज्या बाईने जन्मात कुणाला ताटकळत ठेवलं नव्हतं, तिने काम सावकाश करायला घेतलं.