पलंगाखालचे पाच डबे

हे मी आजवर पूर्ण कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला अर्धं माहीत आहे, दिराला पाव. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुतेक तुमच्यापुढे बोलायला जीभ उचलतेय. तरी ती सहज उचलत नाहीये, हेही सांगून टाकते.

आम्ही खानदेशातले. सुरतेत नवागामला राहतो, आठ खोल्यांची एक ओळ आहे, त्यातली तिसरी आमची. नवरा उधन्याला लूमवर. आमच्या ओळीची एक पद्धत होती — तेल कुणी एकटीनं घ्यायचं नाही. आठ घरांनी मिळून महिन्याचे डबे आणायचे, ओट्यावर फोडायचे, वाटून घ्यायचे. वाटायचा पळा माझ्या हातात असायचा. का, तर माझा दीर तेलाच्या गोदामात हमाल. आणि माझा हात सरळ आहे, असं सगळ्या म्हणायच्या. हसू नका. तेव्हा होता तो सरळ.

भाव चढायचा असला की दीर मला आधी सांगायचा, मी ओळीला सांगायची, आणि सगळ्या मिळून दोन डबे जास्तीचे घेऊन ठेवायचो. इतकी साधी गोष्ट. बायका बातम्या बघत नसत, माझ्या तोंडाकडे बघत.

चौथ्या खोलीत जिजी. नाव सिंधूबाई, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, म्हणून जिजी. नवरा गेलेला. तिचं घर कढईवर चालायचं — लसणाची शेव, पापडी, दिवाळीत फराळ. दिवाळीच्या ऑर्डरी म्हणजे तिची वर्षाची खरी कमाई. आणि शेव अशी करायची की माझा नवरा घरातली बाजूला सारून तिची मागायचा. हे का सांगतेय मी? सांगायलाच हवं, म्हणून. मला ते टोचायचं. अगदी बारीकसं, पण रोज.

दोन वर्षं झाली. गणपती नुकतेच बसले होते. दीर दुपारी येऊन म्हणाला, परदेशातून येणाऱ्या तेलावर सरकार कर वाढवतंय, चारआठ दिवसांत सगळीच तेलं कडाडणार. शेठ जुन्या भावात पाच डबे द्यायला तयार आहे, त्याहून एक जास्त नाही.

पाच डबे. आठ घरं. सांगितलं असतं तर प्रत्येकीच्या वाट्याला थोडंथोडं आलं असतं, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकीला कळलं असतं. नवऱ्याची एक पाळी तेव्हा बंद होती, हे खरं. पण त्यामुळे मी गप्प बसले असं म्हटलं तर ते खोटं होईल. पाळी बंद नसती तरी मी तेच केलं असतं.

पाचही डबे मी एकटीनं उचलले. आमच्याकडे साड्यांना स्टोन लावायचं काम येतं, साड्यांची पोटली रिक्षातून उतरताना कुणी मान वर करून बघत नाही. डबे पोटल्यांत गुंडाळून भर दुपारी घरात आणले. पलंगाखाली सारले, वरून गोधडी खाली लोंबती सोडली. ओट्यावर बसलेल्या बाईनं मला पोटलं उचलायला हातसुद्धा लावला. ती जिजीच होती. जड का आहे, असं तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती दारात आली.

“काय वं, तेल चढी असं बजारमा बोलतस. मी जुना भावमा आर्डरी लेऊ का?”

“ले ना जिजी,” मी म्हणाले. “सरकार दिवाळीना आगोदर वाढवस का कधी?”

गप्प राहता आलं असतं. माहीत नाही म्हणता आलं असतं. पण ती घाबरून दोन डबे घ्यायला निघाली असती, इतर सहा जणी तिच्यामागे, मग दिराला विचारणं, मग शेठ, मग माझे पाच डबे. म्हणून मी तिला ठाम उत्तर दिलं. आणि तिचा चेहरा किती हलका झाला! त्याच संध्याकाळी ती आजूबाजूच्या गल्ल्यांतून ऑर्डरी घेऊन आली.

भाव चढला. कसा चढला ते तुम्हालाही आठवत असेल. ओळीचे डबे बंद पडले, जी ती पिशवी आणू लागली. मी कपाळाला हात लावून सगळ्यांबरोबर सरकारला नावं ठेवली. जिजीनं मात्र एकाही गिऱ्हाइकाला भाव वाढवून सांगितला नाही. शब्द दिला होता म्हणे. कोणाच्या शब्दावर दिला होता, ते ती कधी बोलली नाही.

दिवाळीला आठ दिवस असताना ती बरणी घेऊन आली. कढई अर्धी आहे, उसनं दे. मी पलंगावर बसले होते. पायानं गोधडी नीट केली आणि म्हणाले, “जिजी, फोडणीपुरतंच शे.” तिनं मान हलवली. वर मलाच म्हणाली, काळजी करू नको.

आता खोटं पाळणं आलं. तळलं तर वास ओळभर जाणार. म्हणून पलंगाखाली पाच डबे असताना त्या दिवाळीत मी काहीच तळलं नाही. पोरी रुसल्या. धनतेरसच्या सकाळी जिजी ताट घेऊन आली — शेव, चकल्या, शंकरपाळी, शीग लावून भरलेलं.

“पोरीस्ले दे. तुना घर तेल नही, तू कशामा तळशी?”

मी ते ताट घेतलं. शेव खाल्ली. चांगली लागली. दुसऱ्यांदा वाढून घेतली.

ती दिवाळी जिजीला पेलली नाही. संक्रांतीच्या आधी तिनं कढई मोडीत घातली आणि कडोदऱ्याला एका कारखान्यात धागे कापायला गेली, तिथेच राहायला. जाताना माझ्या पोरींना जवळ घेऊन रडली. मीही रडले, आणि ते खोटं नव्हतं, ह्याचीच मला जास्त लाज वाटते.

ती गेल्यावर मी डबे एकेक करून फोडले. तेल खवट निघावं असं मला वाटत होतं. निघालं नाही. पाचही डबे शेवटच्या थेंबापर्यंत चांगले निघाले, आम्ही वर्षभर खाल्ले.

ताट अजून माझ्याकडेच आहे. आमच्यात रिकामं ताट परत देत नाहीत, आणि भरून द्यायचं तर त्याच तेलातलं द्यावं लागलं असतं. स्टीलचं आहे. काठावर तिचं नाव घातलंय, घासताना रोज बोटाला लागतं.