एका सर्व्हरवर दोन पीएचपी

मी तेव्हा स्वतःला फार शहाणा समजत होतो. पुण्याहून पदवी घेऊन महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळायला आलो, तर तिथे आधीच एक जण ठाण मांडून बसलेला. पोलादपूरच्या वरच्या वाडीतला, चाळिशी ओलांडलेला, मूळचा प्लांटमधला कामगार. रसायनांच्या वाफेने छाती धरली म्हणून त्याला तात्पुरतं आत आणलं होतं. महाडच्या क्लासात शिकून त्याने पीएचपी ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या चौथ्या आवृत्तीत शिफ्टच्या याद्यांचा प्रोग्रॅम लिहिला होता. त्याचा कोड बघून मला हसू आलं आणि ते मी लपवलं नाही.

पहिल्याच शिमग्याला माझं नाक कापलं गेलं. मी नव्या, पाचव्या आवृत्तीत याद्या करून दाखवल्या आणि होळीची एक दिवस सुट्टी धरली. सगळ्या सुपरवायझरांसमोर तो हळूच म्हणाला, "साहेब, पालखी एका दिवसाची नसते. गावागावची येगळी हाय." कुठल्या गावात पालखी कुठल्या दिवशी घरोघर फिरते हे त्याने बिरवाडीपासून वरच्या वाड्यांपर्यंत आपल्या प्रोग्रॅममध्ये भरून ठेवलं होतं. त्या दिवशी त्या गावच्या माणसाचं नाव यादीत येतच नसे. सुपरवायझर हसले. ते हसणं मी विसरलो नाही.

सर्व्हर एकच होता. माझ्या गेटपासच्या प्रोग्रॅमला पाचवी आवृत्ती हवी, त्याच्या याद्यांना चौथी; पाचवीवर त्या कोऱ्याच येत. मी दोन्ही शेजारी शेजारी बसवल्या आणि सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक ओळ लिहिली, की ह्या माणसाच्या फोल्डरातलं सगळं जुन्या आवृत्तीने चालवायचं. ती ओळ त्याला कधी दाखवली नाही.

पुढे मोठ्या साहेबांनी ठरवलं, की ह्याचं काम एकदा डोळ्यांनी बघायचं. पसंत पडलं तर कायमचा आत, नाहीतर परत प्लांटवर. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्या सकाळी मी ती ओळ काढली.

त्याने बटण दाबलं. यादी उघडली, पण रिकामी. एकही नाव नाही. त्याने पुन्हा दाबलं, मग स्वतःचा कोड उघडून एकेक ओळ बोट ठेवून वाचू लागला. दम लागल्याचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता. मी शेजारी उभा राहून "सावकाश बघा" म्हणत होतो. मला मजा वाटत होती, हे आज कबूल करतो. साहेब घड्याळ बघून उठले आणि सोमवारपासून प्लांटवर जायला सांगून गेले.

दुपारी मी ओळ परत घातली. याद्या सुरळीत येऊ लागल्या. तो प्रोग्रॅम मी पुढची चार वर्षं वापरला, कारण पालख्यांचा हिशेब मला कधी जमलाच नाही. दर शिमग्याआधी तो प्लांटवरून खोकत यायचा, त्या वर्षीचे दिवस सांगायचा. मी त्याला दारातच उभा ठेवून लिहून घ्यायचो.

शेवटच्या खेपेला त्याला तीन वाक्यं सलग बोलता येत नव्हती. दिवस सांगून झाल्यावर तो थांबला.

"साहेब, तवा काय झालं होतं वो? माझंच चुकलं होतं ना?"

खरं सांगायला एवढी मोकळी वेळ पुन्हा आली नसती. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "हो. तुमचीच चूक होती."

त्याने मान हलवली. चेहऱ्यावर चक्क सुटका दिसली.

"मग बरा झाला मला काढला तो," तो म्हणाला. "माझ्यापायी उगाच कोनाचा तरी खाडा लागला असता."

आणि तो शिफ्टला गेला.