टाकीवरची टिचकी

आमच्या काकांनी चाळीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त केले. काम सोडल्यावर त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि तिच्यात पलंग, ओटा आणि ऐंशी लिटरची टाकी बसवली. टाकीला काटा काही लावला नाही. टिचकी मारली की आवाजावरून त्यांना पाणी कळायचं, आणि या विद्येचा त्यांना भलताच गर्व होता.

काकूने मात्र सगळ्या नातेवाइकांसमोर जाहीर केलं, "वीज नाही, नळ नाही, अशा जागी तीन दिवस राहून दाखवा. मधेच पाणी संपलं तर हे धूड विकायचं." काकांचा जीव तर त्या गाडीत अडकलेला. पंच म्हणून मला बरोबर घेतलं आणि आम्ही तिघं एका आडबाजूच्या तळ्याकाठी जाऊन राहिलो.

पहिला दिवस झकास गेला. तिघांच्या अंघोळी मिळून एक बादली! काकू दारात खुर्ची टाकून तळ्याकडे बघत बसली ती उठेचना. "इथे दाराची बेल वाजत नाही, ते एक बरंय," एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून ही म्हणजे स्तुतीच.

दुसऱ्या दिवशी नळ ठिबकायला लागला. काकांनी पाच मिनिटांत वायसर बदलला आणि जन्माच्या सवयीने नळ पूर्ण सोडून मला वायसरचे प्रकार समजावत बसले. "धार बघ कशी आहे!" धार खरंच छान होती. काकू धावत आली. "अहो, टाकीतलं आहे ते!"

काकांनी टिचकी मारली. ठण्ण! त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी उजाडताना मी दार उघडलं, तर समोरून काकू येत होती, दोन्ही हातांत भरलेले कॅन. तळ्यापलीकडच्या वस्तीवरचा हातपंप केवढा लांब, आणि घरी जिना चढताना गुडघ्यांच्या नावाने शंख करणारी ही बाई! नरसाळ्याने टाकीत पाणी ओतत ती म्हणाली, "तिसरी खेप आहे. पंचांनी तोंड उघडलं तर गाठ माझ्याशी आहे."

चहाच्या वेळी काकांनी भीत भीत टिचकी मारली. धप्प. पुन्हा मारली. मग त्यांचं लक्ष दाराशी गेलं. काकूच्या चपला चिंब भिजलेल्या होत्या.

"काय म्हणतेय टाकी?" काकूने चहा गाळत विचारलं.

"पुरेल संध्याकाळपर्यंत," काका म्हणाले.

"मग हरले मी. ठेवा तुमचं ते धूड."

काकांनी तिच्या चपला उचलल्या आणि बाहेर उन्हात वाळत ठेवल्या.