पुढच्या सीटवरचा पीए

सर्व संबंधितांस, असंबंधितांस आणि मूल-चंद्रपूर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या समस्त वन्यप्राण्यांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, मंत्र्याजवळ नसतील इतके पीए बाळगणारा एक काळीपिवळी जीपचा ड्रायव्हर आपल्या जिल्ह्यात राहतो. या पीएंना पगार नव्हता, कार्यालय नव्हतं, आणि गाडीभाडं वर त्यांनाच द्यावं लागे. मी त्यांच्यातला एक ज्येष्ठ पीए. आमच्या साहेबांना सारा रस्ता ‘पीएवाले भाऊ’ म्हणून ओळखायचा.

पद्धत साधी होती. भाऊ स्टेअरिंगवर बसले की शर्टाच्या खिशातला फोन काढून पुढच्या सीटवर जो असेल त्याच्या मांडीवर ठेवत. “घ्या, आता तुमीच मी.” एवढ्या चार शब्दांत नेमणूक व्हायची. मग फोन वाजला की पीएने उचलायचा, स्पीकर लावायचा, कारण त्या जीपच्या आवाजात कानाला लावून काही ऐकू येणं शक्यच नव्हतं, आणि म्हणायचं, “भाऊ गाडी चालवून राह्यले, बोला.” परिणामी भाऊंच्या घरचं दळण कधी संपलं, मेव्हणा कशावरून रुसला, हे सगळं अख्ख्या जीपला ठाऊक असे. मेव्हण्याची समजूत काढायला मागच्या सीटवरून सूचना येत. एकदा कृषी केंद्रातल्या एका गृहस्थांनी पीएपदावर असताना भाऊंच्या वतीने एक म्हैस विकत घ्यायचं जवळजवळ कबूलच केलं होतं.

स्वतः भाऊ मात्र चालत्या गाडीत फोनला एक शब्दही देत नसत. पीएने काय उत्तर द्यायचं ते सांगणंसुद्धा अगदी सरळ, रिकाम्या रस्त्यावर, आणि तेही चार शब्दांत. “संध्याकाळी पाहू म्हणा.” संपलं.

त्यांच्या पुतण्याला याची लाज वाटे. तो नागपूरला शिकायला. सुटीत आला तो कानात घालायचं यंत्र घेऊन. “काका, हातात फोन धरला तं चलान. कानात घातला तं काऊन होईन? हात तं मोकळे आहे तुमचे.” भाऊंनी मान डोलावली आणि यंत्र कानात घातलं. दुसऱ्याच दिवशी मेव्हण्याचा फोन आला, बकरीच्या व्यवहारावरून दोघांची चांगलीच जुंपली, आणि अजयपूरच्या थांब्यावर हात वर करून उभ्या असलेल्या आमच्या नेहमीच्या मंडळींना भाऊंनी हसून हात हलवला आणि गाडी पुढे काढली. मागे वळून पाहिलं तर मंडळी अजून हात वर करूनच उभी. भाऊंना ती दिसली होती, बरं का. त्यांनी रामराम घातला होता. फक्त गाडी थांबवायची असते, एवढंच डोक्यात आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी यंत्र पुतण्याच्या हातात परत गेलं. “हात मोकळे होते रे,” भाऊ म्हणाले, “मीच गाडीत नव्हतो. मी तिकडे बकरीपाशी होतो.”

आता भाऊ गाडी चालवत नाहीत. डोळ्यांनी कुरकुर सुरू केली तेव्हा कुणी सांगायच्या आधीच त्यांनी चावी टांगली. त्यांच्या जीपवर आता जो पोरगा आहे, त्याच्या दोन्ही कानांत वायरी असतात आणि आपल्याला उतरायचं आहे हे सांगायला त्याच्या खांद्यावर थाप मारावी लागते. माझ्याकडे आता स्वतःची कार आहे. फोन मी बायकोच्या मांडीवर ठेवतो. ती पीए म्हणून फार कडक आहे, निम्मे फोन तर ती मला सांगतही नाही.

पण भाऊंची गोष्ट सांगायची तर ती चिचपल्लीच्या अलीकडच्या जंगलातलीच सांगायला हवी.

भाऊंची मुलगी पौर्णिमा, नर्स. कोरपन्याकडचं स्थळ आलं होतं. मुलगा सिमेंटच्या कारखान्यात. पोरीला मुलगा आवडला होता आणि भाऊंना पोरीचा चेहरा पाहूनच कळलं होतं. तिकडचा निरोप यायचा राहिला होता. भाऊ चार दिवस धड जेवत नव्हते, हेही अर्थात जीपला ठाऊक होतं.

त्या सकाळी पीए मी. जीप जंगलात शिरली आणि फोन वाजला. त्या पट्ट्यात वाघाचा वावर, म्हणून भाऊ तिथे काही झालं तरी गाडी थांबवत नसत. एरवी तिथे रेंजही नसते. त्या दिवशी मात्र होती, आणि फोन मुलाच्या आईचा होता.

“भाऊ गाडी चालवून राह्यले, बोला,” मी म्हणालो.

“तुमी कोण?”

“मी... पुढच्या सीटवरचा.”

“मले पोरीच्या बापाशी बोलाचं आहे. आमाले पोरगी पसंत आहे. पण लग्न आमच्या दारी, कोरपन्याले होईन. दुसरे पोरीवाले पाव्हणे ओसरीत येऊन बसले आहे. बापाच्या तोंडून हो आयकू आलं, का मी त्याहीले नाई सांगून मोकळी.”

जीपमध्ये एकदम कालवा झाला. “भाऊ, बोला. एकच तं शब्द आहे.” “फोन धरून आहे ना मास्तर, तुमी फक्त तोंड उघडा.” मी तर फोन त्यांच्या तोंडापाशी नेला. मी मास्तर नाही, पण त्या वेळी कोण दुरुस्त करणार?

भाऊंच्या कपाळावर घाम आला. समोर वळण होतं, कडेला चितळांचा कळप उभा होता आणि त्यातलं एक पाडस रस्त्यावर यावं की येऊ नये याचा विचार करत होतं. भाऊंनी वेग कमी केला. नजर पाडसावर. मग मला म्हणाले, “चिचपल्लीले थांबून लावतो म्हणा.”

मी तसं सांगितलं.

“म्हणजे पोरीपेक्षा गाडी मोठी का?” बाई म्हणाल्या. आणि मग काहीच नाही. फोनचा पडदा काळा झाला. मी तो मांडीवर ठेवला. गेलं स्थळ.

पाडस मागे फिरलं. मग मागच्या सीटवरून, कोंबडी मांडीवर घेऊन बसलेल्या रखमाबाईंनी तोंड उघडलं. “बरं झालं. भलतीच अकडवाली बाई आहे थे. अशी सासू असली तं पोरीले चूल फुंकाले लावन अन् फुंकर बरोबर नाई म्हणून वापस पाठवन.”

“नाई, बाई,” भाऊ समोर पाहतच म्हणाले. “त्याहीचं चुकलं नाई. पोराची माय आहे, तिले हो आयकाचं होतं. पण आता मी हो म्हटलं असतं तं माह्या डोळ्यांत पाणी आलं असतं. मंग हे वळण कोणाले दिसलं असतं? तुमी सारे बसून आहे ना गाडीत.”

रखमाबाईंनी कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवला.

चिचपल्लीला भाऊंनी गाडी पूर्ण कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि फोन मागितला. मी दिला. त्यांनी बटण दाबलं, पडदा उजळला, आणि मला ब्रह्मांड आठवलं. फोन बंद झालाच नव्हता. फक्त पडदा झोपला होता. बाई सुरुवातीपासून लाईनवर होत्या.

“हॅलो,” भाऊ म्हणाले, अगदी बारीक.

“मी सारं आयकून राह्यली,” बाईंचा आवाज साऱ्या जीपभर पसरला. “चहा पाजून पाव्हण्याईले वापस लावून देल्लं मी. आता बोला, हो का नाई?”

“हो,” भाऊ म्हणाले, आणि मग खरंच त्यांना पुढचं काही दिसेना.

“लग्नाले सारी जीप घेऊन या. अन् थे मागं बसलेली बाई, तिले पहिले आणजा. मले तिचं तोंड पाहाचं आहे.”

साऱ्या माना मागे वळल्या. रखमाबाईंनी कोंबडी छातीशी धरली, पदर डोक्यावर ओढला आणि स्पीकर चालू आहे हे विसरून ओरडल्या, “सांगा तिले, थे बाई मधातच जंगलात उतरली!”