जुळी कालवड

भाऊबीजेला मामाने माझ्या आईला कालवड दिली. दरवर्षी साडी देऊन कंटाळला असेल. खानदेशातून टेम्पोत उभी राहून ती गुजरातेत, डिंडोलीला आली आणि आमच्या खोलीमागच्या मोकळ्या प्लॉटवर बांधली गेली. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. तिच्यासोबत जन्मलेला गोऱ्हा मामाने गावीच ठेवला.

"जुयी शे हाई, कोनले सांगजो नको. नजर लागस," आईने मला त्याच दिवशी बजावलं. जुळं म्हणजे दुप्पट लक्ष्मी आणि लक्ष्मीचा बोभाटा करायचा नसतो, हे आमच्या घरातलं शास्त्र. कालवडीच्या गळ्यात काळा दोराही आला.

वडिलांचं आयुष्य नवागामच्या लूमवर, कापडाच्या मागांच्या खडखडाटात गेलं. कान तिथेच गेले, आता छातीही त्याच वाटेवर होती. रात्रभर खोकायचे आणि सकाळी पुन्हा डबा घेऊन निघायचे. गाय व्याली की लूम सोडतो, गल्लीत दूध घालतो, असं म्हणत त्यांनी अर्ध्या लिटरचं माप आणून खिळ्याला टांगलं. "आधी तिला विऊ तर द्या," मी चिडवायची. त्यांना ऐकू जायचं नाही, तरी हसायचे.

कालवड अंगाने भरली, पण माजावर येईना. गाई भरवायला, कृत्रिम रेतनाला येणाऱ्या माणसाने इंजेक्शनं दिली, खनिजांची पुडी दिली. एकटीच जन्मली का, असंही त्याने विचारलं होतं आणि आईने बेधडक "एकटीच" म्हणून सांगितलं होतं. मी तेव्हा पर्वत पाटियाला साड्यांना लेस लावायच्या कामावर असायची. आईचं हे उत्तर मला फार उशिरा कळलं. तोवर आणखी एक पावसाळा गेला होता आणि वडील लूमवरच होते.

शेवटी एक म्हातारे गुजराती डॉक्टर आले. त्यांनी हात घालून तपासलं, मागून नीट पाहिलं आणि विचारलं, हिच्याबरोबर भाऊ जन्मला होता का? आईने पदराशी चाळा करत होकाराची मान हलवली.

"बेन, पहेलां केम ना कह्युं?"

मग त्यांनी समजावलं. पोटात असताना भावाचं रक्त हिच्यात आलं. हिच्या रक्तात मादीची आणि नराची, दोन्ही गुणसूत्रं आहेत. गर्भाशय धड बनलंच नाही. औषध नाही. जुळी आहे असं आधीच म्हणाला असतात तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मला आईचा इतका राग आला की तिच्याकडे बघवेना. नंतर पाहिलं तर ती कालवडीच्या गळ्यातला दोरा सोडत होती. गाठ सुटत नव्हती. मग राग धरायला जागाच राहिली नाही.

आम्ही दोघींनी ठरवलं, तिला पांजरापोळीत, भाकड जनावरं सांभाळणाऱ्या गोशाळेत द्यायचं. दुसरी गाय आणायची गोष्ट कुणी काढली नाही.

संध्याकाळी वडील पाळीवरून आले. आईने ताट वाढलं आणि हळू आवाजात सांगायला सुरुवात केली.

"काय म्हनस?"

तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला. तेव्हा इतके दिवस जे शेजारणीच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं, ते आईने ओरडून सांगितलं, "ती जुयी शे! तिले कधीच वासरू व्हनार नही!"

गल्लीतली दारं उघडली. वडिलांनी हातातला घास ताटात ठेवला.

"सकायना डबा भरी ठेव," ते म्हणाले आणि खोकू लागले.