खाली लोंबणाऱ्या शेपट्या

भांडगावच्या फाट्यावर पंक्चर काढणारे एक मामा आहेत. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधताना त्यांच्या समोरच्या मोबाइलवर प्राचीन इजिप्त चालू असतं. मी शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून नवी वेबसाइट सापडली की मला हाक ठरलेली. पिरॅमिड परग्रहवाल्यांनी बांधले असं दिसलं, की ती साइट बाद. "नुसती हवा हाय, सर!"

एकदा मीच त्यांना एका परदेशी संग्रहालयाची साइट दाखवली. वर्गातही मी तीच दाखवतो. थडग्याच्या भिंतीवरच्या एका चित्राखालची ओळ मी वाचली, "शेळ्यांचा कळप."

मामांनी चित्र बोटांनी मोठं केलं. "मेंढ्या हायेत ह्या! शेपट्या बघा की, खाली लोंबत्यात. शेळीची वर आसती. आमच्या चार पिढ्या मेंढरामागं गेल्यात."

"मामा, तिथं मोठमोठे तज्ज्ञ असतात."

"आसू द्या. मी सांगतो, तुम्ही इंग्रजीत लिवा."

मी ओशाळतच लिहून पाठवलं आणि विसरलो.

काल एसटीतून उतरतोय तोच मामा ओल्या हातात मोबाइल नाचवत धावत आले. "सर, बघा, बघा!" चित्राखाली आता 'मेंढ्यांचा कळप' होतं. खाली आभारही मानले होते. मला तर उडीच मारावीशी वाटली.

"ही साइट एक नंबर," मामा म्हणाले. "चूक सांगितली तर ऐकती." मग हसून म्हणाले, "तुमच्या आधी ऐकलं की त्यांनी!"